न दिलेली हाक

सायकलच्या शर्यतीत माणूस माणसाशी लढत नाही, वाऱ्याशी लढतो, हे गजेंद्रला लीलाधरनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर स्वतः पुढे राहून वारा खाल्ला आणि याला पाठीमागे आडोशाला ठेवला. शेवटचा टप्पा आला की लीलाधर बाजूला सरायचा, गजेंद्र ताज्या पायांनी सुटायचा आणि फीत तोडायचा. हार याच्या गळ्यात पडायचे तेव्हा लीलाधर पाचवा नाहीतर सहावा येऊन कुठेतरी नळावर तोंड धूत असायचा. कोणी डिवचलंच तर हसून म्हणायचा, "दोघाईचा एकच नंबर होय गा." आता अशा माणसाला भला म्हणायचं की बावळट, हे ज्यानं त्यानं ठरवावं. गजेंद्रनं कधीच ठरवून टाकलं होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं.

दोघं दुर्गाप्रसादच्या टीममधले. दुर्गाप्रसादची सौंदडला राइस मिल. आपल्या भागात पैसेवाले लोक शंकरपटाच्या शर्यतींसाठी बैलजोड्या पाळतात, यानं सायकलवाली पोरं पाळली. सायकली त्याच्या, टायरं त्याची, जर्सीवर नाव मिलचं. गजेंद्रचा बाप श्यामलाल लवकर गेला, घरात आई नंदाबाई आणि थोडी धानाची शेती. शाळेत जायला म्हणून मिळालेल्या गंजक्या सायकलीवर या पोराला ट्रॅक्टरशी शर्यत लावताना दुर्गाप्रसादनं पाहिलं आणि उचलून आणलं. लीलाधर तेव्हा टीममधला मोठा. "हा तुह्या मागं राहीन," असं दुर्गाप्रसादनं त्याला सांगितलं, आणि लीलाधरनं ते मनावर घेतलं. नको इतकं मनावर घेतलं.

सरावाला रस्ता एकच, गजेंद्रच्या घरापुढचा. आणि दिवाळी झाली की आमच्याकडे तो रस्ता राहत नाही, त्याचं खळं होतं. धान कापून मळून झाला की ज्याच्या घरापुढे डांबर, त्याचा धान डांबरावर वाळायला. अर्धा रस्ता पिवळा, कडेला दगड मांडलेले. जीप गेली, ट्रॅक्टर गेला, कोणाचं काही बिघडत नाही. पण शर्यतीच्या सायकलचं बोटभर टायर सुट्या धानावर चढलं की खेळ आटोपला. त्यातून मागच्याची मान खाली असते, पुढच्याच्या चाकापलीकडे त्याला काही दिसत नाही. म्हणून दोघांनी पहिल्याच हिवाळ्यात नियम केला. पुढे असेल त्यानं ओरडायचं, "धान!" मागच्यानं काही न विचारता मान वर करायची आणि चाक काढून घ्यायचं. लीलाधरची हाक कधी चुकली नाही. गजेंद्रनं वर्षानुवर्षं त्या हाकेवर जीव सोपवला होता आणि त्याचा जीव शाबूत होता.

मग ऐन पावसाळ्यात वीरेंद्र आला. नागपूरच्या एका कंपनीच्या टीमचा मॅनेजर, मूळचा गोंदिया शहरातला, म्हणून बोलणं सगळं हिंदीत. पगार, हातानं उचलली तर हसू येईल इतकी हलकी सायकल, देशभरच्या शर्यती आणि जमलं तर परदेश. गजेंद्रनं विचार करायला वेळ मागितला, पण तो नुसता रीत म्हणून. मनातल्या मनात तो केव्हाच निघाला होता.

दुर्गाप्रसादनं त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही.

"जा ना. तुले कोन अडवून राहिलं? कायले तोंड पाडून उभा आहेस? सायकल मात्र ठेवून जा."

गजेंद्रनं सायकल मिलच्या वजनकाट्याला टेकवून ठेवली आणि भर दुपारी पायी घरी गेला. रस्त्यानं भेटेल तो विचारायचा, "काऊन गा, आज पायी?" प्रत्येक वेळी त्याला दुर्गाप्रसादचा जास्त राग आला. आपण काय केलं हे आठवायची मग गरजच उरली नाही. माणसाला सोयीचा राग मिळाला की तो जपून वापरतो.

लीलाधर मात्र घरी आला. नंदाबाईच्या हातचा चहा प्यायला, तिच्याशी धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या गोष्टी बोलला आणि जाताना अंगणात उभा राहिला.

"टीम बदललास, चांगलं केलास. माहं का, बायको आहे, शेत आहे, माहं भागते. पन टीम बदलली तरी रस्ता तं तोच आहे. रस्त्यावर हाक देशील ना गा?"

"देईन ना दादा," गजेंद्र म्हणाला. "तुले नाई देईन तं कोनाले देईन?"

म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. हेच वाईट आहे. शब्द देताना बहुतेक माणसं खरीच असतात.

मंडईच्या दिवशी दुर्गाप्रसाद दरवर्षी मोठी शर्यत भरवायचा. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, पाहुणे येतात, नाटकाचे मंडप पडतात, तेव्हा माणसांना तोटा नसतो. आदल्या वर्षीपर्यंत शर्यत सौंदडहून सुटून प्रतापगडाच्या पायथ्याशी संपायची. या वर्षी त्यानं बदल केला, गडापासून वळून पुन्हा सौंदडलाच यायचं, म्हणजे शेवट मंडईतल्या गर्दीला पाहायला मिळेल. नागपूरची टीम येणार म्हणून त्याला जास्तच जोर चढला होता. जीपवर भोंगा बांधून त्यानं गावोगाव पुकारलं, शर्यत संपेपर्यंत कोणीही रस्त्यावर धान घालू नये. परतीच्या वाटेचं मात्र भोंग्यावर सांगायचं राहिलं.

गजेंद्र टीमबरोबर गोंदियाच्या हॉटेलात उतरला होता. घर शर्यतीच्या वाटेवरच होतं, पण आधी तिकडे गेला नाही. आईला तोंड दाखवायला हरकत नव्हती, पण घरी गेलं की कोणीतरी लीलाधरचं नाव काढणार आणि ते त्याला नको होतं. सकाळी नाश्त्याला वीरेंद्र समोर येऊन बसला.

"गज्जू, मालिक एक बात पूछ रहे थे. वो लीलाधर पूरी रेस तुमको खींचता था, फिर भी पाँचवाँ आता था. अपने लिए चलाए तो कितना चलाएगा? मालिक बोले, ग़लत आदमी तो नहीं उठा लिया?"

गजेंद्रनं हातातला घास पानात ठेवला.

"टीम में जगह एक ही है, तुम्हारी अभी पक्की नहीं हुई. आज वो तुमसे आगे आया तो वो नागपुर आएगा और तुम घर जाओगे. सीधी बात."

एवढं सांगून वीरेंद्रनं त्याच्या पानातली जिलेबी उचलून खाल्ली. गजेंद्रला गज्जू आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तेही त्यानं ऐकून घेतलं.

शर्यत सुटली. सौंदड सोडल्यावर थोड्याच वेळात नाल्यावरच्या पुलाजवळचं घराचं वळण आलं. नंदाबाई खराटा हातात घेऊन झाडून काढलेल्या स्वच्छ रस्त्याच्या कडेला उभी होती. धानाची रास तिनं अंगणात ओढून घेतली होती. "गजू! गजू रे!" ती ओरडली. नव्या जर्सीत, काळ्या चष्म्यात तिला पोरगा ओळखू आला याचं त्याला क्षणभर नवल वाटलं. त्यानं मान वळवली नाही. सगळे पुढे निघून गेले. मागे रस्ता मोकळा झाला, ऊन चांगलं होतं, आणि दरवर्षी शर्यत एकदा गेली की गेली. परत याच रस्त्यानं येणार आहेत हे तिला सांगणारं एकच माणूस होतं आणि ते तिच्यासमोरून चष्मा लावून गेलं होतं. तिनं धान पुन्हा रस्त्यावर पसरला.

गडाच्या पायथ्याशी वळताना लीलाधरनं असा झटका दिला की सगळे मागे पडले. एकटा गजेंद्र कसाबसा त्याच्या चाकाला चिकटला. मग दोघंच. जुन्या सवयीनं आलटून पालटून पुढे येत, एकमेकांना आडोसा देत ते निघाले. जर्सी वेगळ्या होत्या, पण पाय तेच होते, त्यांना काही कळवलेलं नव्हतं. एका गावात कोणा उतावळ्यानं भोंग्याला न जुमानता अर्धा रस्ता झाकला होता. लीलाधर पुढे होता.

"धान!"

गजेंद्रनं मान वर केली, चाक काढून घेतलं, वाचला. त्या क्षणी लीलाधर गप्प बसला असता तर शर्यत तिथेच त्याच्या खिशात होती. तो गप्प बसला नाही. गजेंद्रला अंगणात दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण त्यामागोमाग दुसरा विचार आला: हा अजून दमलेला नाही. एवढं ओढूनही याच्या आवाजाला धाप नाही.

सौंदड जवळ आलं तशी पुढे राहायची पाळी गजेंद्रची आली. लीलाधर पाठीमागे गेला आणि मागूनच हसत बोलला.

"आज मी बाजूले सरीन नाई गा. आज माह्यासाठी मारून पाहतो. भूमिका मंडईत उभी आहे. एकदा तं नवऱ्याले पहिला येताना पाहू दे तिले."

हे चोरून केलेलं नव्हतं, सांगून केलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच लीलाधर आडोशाला बसला होता आणि गजेंद्र वारा खात होता. तो कसा लागतो ते गजेंद्रला आता समजलं. मांड्या भरून आल्या होत्या. शेवटच्या सरळ रस्त्यावर लीलाधर बाजूनं निघून जाईल, हे त्याला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि घराचं वळण आलं.

जवळजवळ सगळाच रस्ता पिवळा होता. कडेला दगड नव्हते, टायरं होती. गजेंद्रची जुनी, झिजलेली टायरं. नंदाबाई ती टाकू द्यायची नाही, धानाला कड म्हणून मांडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की माझ्या पोराची आहेत. शर्यतीच्या पुढे चालणारी जीप धानावरून सरळ निघून गेली होती, जीपवाल्याला त्यात नवं काय? नंदाबाई पाणी प्यायला घरात गेली होती. रस्त्यावर कोणी नव्हतं. धान आणि डांबराची कड यांच्यामध्ये हातभर काळी पट्टी मोकळी होती.

त्यानं पाहिलं. वळणावर असतानाच पाहिलं, टायरं ओळखली, धान कोणाचा तेही ओळखलं. वेळ होता. शब्द केवढासा, श्वास सोडताना निघून गेला असता. तो विसरला नव्हता, त्याला धापही इतकी लागली नव्हती. त्यानं दात आवळले, शेवटपर्यंत सरळ राहिला, आपल्या पाठीनं रस्ता झाकून ठेवला आणि अगदी शेवटच्या क्षणी त्या काळ्या पट्टीवर सरकला. कोणी काहीही म्हणो, हे त्यानं केलं.

मागे चाक सरकल्याचा आवाज आला. मग लोखंड आणि माणूस दोन्ही पुलाच्या कठड्यावर आपटल्याचा. लीलाधर ओरडलासुद्धा नाही. ओरडली ती नंदाबाई, घरातून धावत बाहेर येऊन. "माय वो! गजू रे! इकडं ये रे!" आईचा आवाज त्याच्या पाठीवर आला आणि त्या आवाजाच्या जोरावरच जणू तो आणखी वेगात सुटला.

मंडईत फीत तोडली तेव्हा ढोल वाजत होते. भूमिका गर्दीत टाचा उंचावून गजेंद्रच्या मागच्या रस्त्याकडे पाहत होती. वीरेंद्र गाडीतून उतरला. त्याची गाडी मागेच होती, त्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं गजेंद्रच्या खांद्यावर हात टाकला, तोंड कानाशी नेलं.

"चिल्लाना तुम्हारा काम नहीं था. अब लगा कि सही आदमी उठाया. जगह पक्की."

लीलाधरला त्याच संध्याकाळी नागपूरला हलवलं. खुब्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो नावापुरता. गावानं गुन्हेगार शोधायला फार वेळ लावला नाही. धान कोणाचा? नंदाबाईचा. भोंगा ऐकला होता? ऐकला होता. मग? त्याच दुपारी मंडईच्या मंडपामागे माणसं तिच्याभोवती जमली. दुर्गाप्रसाद समोर उभा होता, भूमिकेची सासू शिव्या देत होती आणि मध्ये नंदाबाई, पायाला धान चिकटलेला तसाच. गजेंद्र आला तशी ती त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत एक वेडी आशा होती.

"गजू, तू तं पुढं होतास बापा. तुले दिसला नाई का रे धान?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. थोडं मागे वीरेंद्र गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा होता.

"नाई दिसला माय," गजेंद्र म्हणाला. "पट्टीवरून गेलो म्हणून वाचलो. दिसला असता तं हाक देलो नसतो का? तू कायले घातलीस रस्त्यावर?"

नंदाबाईनं मान हलवली. दोन-तीनदा हलवली, एखादी गोष्ट नीट पटल्यावर हलवतात तशी.

"माहंच चुकलं," ती म्हणाली. "मले वाटलं, शर्यत गेली."

गजेंद्र त्याच दिवशी टीमच्या गाडीनं नागपूरला गेला. पुढचे महिने त्याला बरे गेले. पुण्याला जिंकला, हैदराबादला दुसरा आला, पेपरात फोटो आले. आईला फोन करायचा, पण बोलणं लवकर आटपायचा. ती सांगायची, लीलाधर दवाखान्यातून घरी आला, लीलाधर काठी घेऊन चालतो. तो हं म्हणायचा. ती कधी रडली नाही, त्याचंही त्यानं बरंच मानलं.

आषाढात रायपूरहून परत येताना टीमची गाडी महामार्गावरून चालली होती. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं वीरेंद्रला सौंदडला गाडी थांबवायला सांगितली. "पाँच मिनट," वीरेंद्र म्हणाला. घराला कुलूप होतं. शेजारणीनं हातानंच दाखवलं, लीलाधरच्या बांधीत, धानाच्या शेतात.

रोवणी चालू होती. चिखलात बायांची ओळ वाकलेली, तिच्यात एका टोकाला नंदाबाई. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीत लीलाधर बसला होता, काठी मांडीवर आडवी, एक पाय समोर ताठ. गजेंद्र त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. लीलाधरनं वर पाहिलं आणि पुन्हा शेताकडे नजर नेली.

"दादा, हे... माही माय तुह्या शेतात काऊन?"

"स्वतःच आली. तुहा पाय मोडला माह्यामुळं, आता तुह्या हातपायाचं काम मी करतो, म्हणते. पैसे देलो तं घेत नाई. आपल्या शेताची रोवनी बाकी ठेवून इथं येते."

"तू नाई म्हणलास नाई?"

"नाई."

वारा धुऱ्यावरून गेला, कोवळे पऱ्हे एका बाजूला कलले. लीलाधर शांतपणे बोलत होता. त्या शांतपणाची गजेंद्रला भीती वाटली.

"तू पट्टीवर सरकलास, तेव्हा तुहं चाक मी पाह्यलो ना गा. मान खाली होती माही, पन चाक तं दिसत होतं. ज्याले धान दिसत नाई त्याचं चाक असं सरकत नाई. दवाखान्यात पडून तेच एक पाहत राहिलो मी."

"मंग सांगलास काऊन नाई?"

"मी सांगलो तं ते फक्त भांडन होते. लोक म्हणतील, हरला म्हणून बोलते. तू सांग." त्यानं काठीनं शेताकडे दाखवलं. "ते आहे तुही माय. जा, सांग तिले. आता तं तुही जागा पक्की झाली, आता तुहं का जाते? नाई सांगशील तं ती पुढच्या साली येईन. त्याच्या पुढच्या साली येईन. कंबर मोडतपर्यंत येईन. अन मी तिले ये म्हणीन. मी काही देवमानूस नोहो गा. होतो, तं पाह्यलास ना का झालं."

गजेंद्र धुऱ्यावरून पुढे गेला. नंदाबाईनं त्याला पाहिलं, कंबर धरून हळूहळू ताठ झाली. कोपरापर्यंत चिखल. तोंडावर एकदम हसू आलं.

"गजू! कवा आलास? जेवलास का? काऊन असा पाहून राहिलास रे, का झालं?"

शब्द तोंडाशी आला होता. रस्त्यावर महामार्गाच्या बाजूनं हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक. त्यानं आईकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं ते हसू आपल्यासाठी उरलेलं शेवटचं आहे, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तेवढं ठेवून घ्यायचं त्यानं ठरवलं.

"काई नाई माय. तुले पाह्यले आलो होतो. गाडी उभी आहे."

"जा बापा, जा," ती म्हणाली. "तुहं काम आधी."

ती पुन्हा वाकली, पऱ्ह्यांची जुडी उचलली आणि मागे मागे सरकत रोवू लागली. गजेंद्र रस्त्याकडे निघाला. तिच्या मागे पाणी भरलेला खोल खड्डा होता. तो त्याला दिसला, पण हॉर्न पुन्हा वाजला म्हणून त्यानं पाऊल उचललं.

"काकी, मागं खड्डा आहे!" लीलाधर खुर्चीतून ओरडला. "पाय सांभाड!"

"हो बापा," नंदाबाई म्हणाली आणि बाजूला सरली.